जहाजाचा दांडा आणि सरळ रेषा

श्रोते हो, नांदेडच्या माणसानें जहाजाविषयीं बोलावें हें ऐकून आपणांपैकीं कांहींजणांस हंसूं येईल, आणि तें येणें रास्तच आहे. आमच्या गांवाला गोदावरीचे घाट आहेत, नावाही आहेत. परंतु समुद्र शेंकडों मैल दूर. शेजारच्या लातूर शहरांत तर २०१६ च्या एप्रिल महिन्यांत मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. अशा कोरड्या मुलुखांत राहणाऱ्या आणि शाळेंत गणित व इतिहास शिकविण्यांत उमेद घालविलेल्या माणसास आगबोटींच्या यंत्रांशीं काय कर्तव्य, असा प्रश्न कोणीही करील. त्याचें उत्तर एका विहिरीपासून सुरू होतें.

१९७२ च्या दुष्काळानंतर लातूरजवळच्या आमच्या खेड्यांत वडिलांनीं विहीर खोल करविली आणि तिच्यावर ऑइल इंजिन व पंप बसविला. इंजिनाचा दांडा आणि पंपाचा दांडा समोरासमोर. दोहोंच्या टोकांस एकेक लोखंडी चकती आणि त्या चकत्यांच्या मध्यें रबराचे तुकडे. या जोडणीस कपलिंग म्हणतात. आमच्या कपलिंगाचीं रबरें पंधरा दिवसांत झिजून त्यांचा काळा भुगा खालीं पडे. नवीं रबरें आणावीं, तीं घालावीं, आणि पंधरा दिवसांनीं पुन्हां तेंच. रबर विकणाऱ्यास दोष देऊन झाला. अखेरीस एका वृद्ध फिटरास बोलावणें धाडलें. त्यानें रबराकडे ढुंकूनही पाहिलें नाहीं. खिशांतून पोलादी पट्टी काढून ती त्यानें दोन्ही चकत्यांवर आडवी ठेविली आणि मला म्हणाला, "पोरा, खालून उजेड दिसतो का बघ." एका बाजूस पट्टीखालून उजेडाची बारीक चीर दिसत होती. त्यानें पंपाच्या पायाखालीं पत्र्याचा एक तुकडा सरकविला, बोल्ट आवळले आणि म्हणाला, "रबर खोटं नव्हतं, रेघ खोटी होती." त्यानंतर तीं रबरें दोन हंगाम टिकलीं.

ही गोष्ट मी विसरूनही गेलों असतों. परंतु नोकरींतून निवृत्त झाल्यावर रत्नागिरीस जाण्याचा योग आला, आणि मिरकरवाड्याच्या बंदरांत मासेमारीच्या एका नव्या होडीवर तोच प्रकार पुन्हां दृष्टीस पडला. होडी धक्क्यास बांधलेली असून पाण्यावर संथपणें हलत होती. तिच्या पोटांत उतरून एक मिस्त्री इंजिन व पंख्याचा दांडा यांमधील कपलिंगाचे बोल्ट काढीत होता. चकत्यांमधल्या फटींत तो पोलादाचीं अत्यंत पातळ पातीं एकामागून एक घालून पाही, मान हलवी, इंजिनाच्या पायाशीं कांहीं फिरवी आणि पुन्हां माप घेई. मीं त्यास विचारलें, "हें काम होडी जमिनीवर असतांनाच कां उरकलें नाहीं?" तो हंसून म्हणाला, "उरकलं होतं, गुरुजी. पण जमिनीवरची होडी वेगळी आणि पाण्यातली वेगळी."

या एका वाक्यांत जवळजवळ दोन शतकांचा अनुभव सांठविलेला आहे. तो कसा जमा झाला, तेंच आज आपणांस सांगावयाचें आहे.

शिडाच्या जहाजास ही विवंचना कधींच नव्हती. वारा शिडांत शिरतो, शीड डोलकाठीस ओढतें आणि डोलकाठी जहाजास पुढें नेते. पाण्याखालच्या अंगास एकही भोंक पाडावें लागत नाहीं. पुढें वाफेचें यंत्र जहाजांत आलें, तेव्हांही आरंभीं ही स्थिति फारशी बदलली नाहीं. पहिल्या आगबोटींना दोन बाजूंस दोन मोठीं चाकें असत. त्या चाकांचा आंस जहाजांत आडवा, पाण्याच्या पातळीच्या वर, बैलगाडीच्या आंसासारखा असे. आंसाचें बेअरिंग तापलें, तर तें डोळ्यांना दिसे. झिजलें, तर हातानें चांचपतां येई.

या चाकांच्या आगबोटींचा इतिहास आपल्या मुंबईचाही इतिहास आहे. मुंबईच्या गोदींत वाडिया घराण्यानें सागवानी जहाजें बांधण्याची परंपरा चालविली. तिचे मूळपुरुष लवजी नसरवानजी हे सुरतेहून आले, आणि त्यांच्या हातून १७५० सालीं मुंबईंत सुकी गोदी उभी राहिली. याच गोदींत बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही चाकांची आगबोट २० मार्च १८३० रोजीं मुंबईहून निघून तांबड्या समुद्रांतून सुवेझेस पोंचली. त्याच घराण्यांतील आर्देशीर कर्सेटजी वाडिया यांनीं १८३३ सालीं 'इंडस' नांवाची लहान आगबोट पाण्यांत लोटली. पुढें ते मुंबईच्या वाफ-कारखान्याचे मुख्य यंत्रज्ञ झाले आणि १८४१ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीचे सभासद निवडले गेले. हा मान मिळालेले ते पहिले हिंदी गृहस्थ होत. १८५१ सालीं त्यांनीं 'लवजी फॅमिली' ही आगबोट तयार केली. मराठवाड्याच्या श्रोत्यांना आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. १८५४ सालीं मुंबईच्या गोदींतून जी एक मोठी लढाऊ आगबोट बाहेर पडली, तिचें नांव 'असई' होतें. जालना जिल्ह्यांतील ज्या असईच्या माळावर १८०३ सालीं शिंदे-भोसल्यांच्या फौजेशीं इंग्रजांची लढाई झाली, तेंच हें नांव. ही 'असई'ही चाकांचीच होती.

परंतु चाकांमध्यें मोठे दोष होते. कोळसा जळून जहाज हलकें झालें, कीं तें वर उचललें जाई आणि चाकें पाण्यांत पुरेशीं बुडेनाशीं होत. जहाज एका अंगास कललें, कीं एक चाक पाण्यांत खोल जाई, तर दुसरें हवेंतच गरगरे. लढाईंत तर शत्रूच्या तोफेस तीं आयतें निशाण. म्हणून जहाज ढकलणारें साधन पाण्याखालीं, मागच्या बाजूस असावें, ही कल्पना पुष्कळांच्या मनांत घोळत होती.

ती यशस्वी करणाऱ्यांत दोन नांवें प्रमुख आहेत. एक स्वीडनचा यंत्रज्ञ जॉन एरिकसन आणि दुसरा फ्रान्सिस पेटिट स्मिथ. हा स्मिथ, श्रोते हो, लंडनजवळच्या हेंडन गांवचा एक शेतकरी होता. दोघांनींही १८३६ सालींच आपापल्या योजनेचे हक्क नोंदविले. स्मिथचा पंखा म्हणजे लांकडाचा दोन वेढ्यांचा मळसूत्र होता. १८३७ सालीं कालव्यावर त्याची परीक्षा चालू असतां तो कशावर तरी आदळला आणि त्याचा अर्धा भाग तुटून गेला. सर्वांस वाटलें, आतां संपलें. पण होडी पहिल्यापेक्षां अधिक वेगानें धांवूं लागली! अपघातानें शिकविलेला धडा स्मिथनें घेतला. पुढच्याच वर्षीं त्याच्या योजनेनुसार 'आर्किमिडीज' हें जहाज पाण्यांत उतरलें. १८४५ च्या एप्रिल महिन्यांत ब्रिटिश आरमारानें पंख्याचें 'रॅटलर' व चाकांचें 'अलेक्टो' हीं दोन जहाजें पाठीस पाठ लावून बांधलीं आणि एकमेकांविरुद्ध ओढावयास लाविलीं. 'रॅटलर'नें 'अलेक्टो'स मागें मागें ओढीत नेलें. त्याच वर्षीं ब्रुनेल याचें 'ग्रेट ब्रिटन' हें लोखंडी जहाज पंख्याच्या बळावर अटलांटिक महासागर ओलांडून न्यूयॉर्कला गेलें.

पंखा जिंकला खरा, पण त्याची किंमत द्यावी लागली. इंजिन जहाजाच्या पोटांत, पंखा बाहेर पाण्यांत. दोहोंना जोडणारा लांब दांडा जहाजाच्या मागच्या अंगास, पाण्याच्या पातळीखालीं, भोंक पाडूनच बाहेर काढावा लागला. ज्या जहाजाचें सारें आयुष्य पाणी बाहेर ठेवण्यांत जावयाचें, त्याच्याच अंगास माणसानें आपण होऊन भोंक पाडलें, आणि त्या भोंकांतून अहोरात्र फिरणारा दांडा बसविला. दांडा फिरला पाहिजे आणि पाणी तर आंत आलें नाहीं पाहिजे, या दोन मागण्यांचा मेळ घालणें हेंच या विद्येचें मर्म होय.

या भोंकांत नळी बसवितात, नळींत दांड्याला आधार देणारें बेअरिंग असतें आणि आंतल्या तोंडाशीं ग्लँड असतो. त्यांत चरबी लावलेल्या दोरीचे वेढे दाबून बसवितात. प्रथम हीं बेअरिंगें धातूचीं करीत, पण खाऱ्या पाण्यांत तीं भराभर झिजत. १८५४ सालीं जॉन पेन या इंग्रज कारखानदारानें यावर उपाय काढला. लिग्नम व्हायटी नांवाचें एक अति कठीण व अंगचेंच तेलकट असें लांकूड वेस्ट इंडीजकडे होतें. त्याच्या पट्ट्या नळींत बसवून वंगणाचें काम त्यानें समुद्राच्या पाण्याकडूनच करवून घेतलें. ज्या पाण्याचें भय, त्यालाच चाकरीस लाविलें! पुढें शंभर वर्षें आगबोटी या लांकडावर फिरल्या. हल्लीं लहान बोटींत त्याच्या जागीं बहुधा रबराचें अस्तर असतें. वंगण मात्र पाण्याचेंच.

आतां सरळ रेषेकडे वळूं. मी मुलांना भूमितींत शिकवीत असें कीं, दोन बिंदूंमधून एक आणि एकच सरळ रेषा जाते. हें वाक्य मुलें पाठ करीत आणि विसरत. पण होडींतल्या दांड्यास तें विसरतां येत नाहीं. बाहेरचें बेअरिंग हा एक बिंदु, आंतलें बेअरिंग हा दुसरा. या दोहोंनीं दांड्याची रेषा कायम झाली. इंजिन हा तिसरा बिंदु. तो त्या रेषेवरच आला पाहिजे. ती रेषा त्याच्यासाठीं वांकणार नाहीं. म्हणून जाणते मिस्त्री काम नेहमीं मागून पुढें करीत येतात. आधीं पंख्याकडील नळी व दांडा, आणि सर्वांशेवटीं इंजिन. दांड्याशीं जुळेल असें इंजिन सरकवावें. दांड्यास ओढून इंजिनाशीं नेऊं नये, हा त्यांचा पहिला नियम.

परीक्षेची रीतही साधी आणि सुंदर आहे. इंजिनाकडील चकती व दांड्याकडील चकती एकमेकींस जेमतेम टेकतील इतक्या जवळ आणावयाच्या. बोल्ट लावावयाचे नाहींत. मग वर, खालीं, डावीकडे व उजवीकडे अशी चार ठिकाणीं फट मोजावयाची. चांगल्या कामांत चकतीच्या व्यासाच्या दर इंचास सुमारें एक सहस्रांश इंच, एवढाच फरक चालतो. चार इंची चकती असेल, तर चार सहस्रांश. म्हणजे आपल्या साध्या वहीच्या एका पानाच्या जाडीइतका! नंतर दांडा पाव फेरा फिरवून पुन्हां मोजावयाचें. मोठी फट चकतीबरोबर फिरली, तर चकती किंवा दांडाच वांकडा आहे. फट जागच्या जागीं राहिली, तर दांडा निर्दोष असून इंजिन रेषेबाहेर आहे. रोग कोठें आहे, हें एवढ्या साध्या युक्तीनें कळतें.

यावर कोणी म्हणेल, एका पानाच्या जाडीसाठीं एवढा खटाटोप कशाला? बोल्ट आवळले, कीं चकत्या जवळ येतातच. होय, येतात; आणि खरा धोका तेथेंच आहे. बोल्टांच्या जोरानें फट मिटते, म्हणून डोळ्यांना सर्व ठीक दिसतें. पण दांडा त्या जोरानें वांकलेला राहतो. वांकलेला दांडा फिरूं लागला, कीं त्याचें एकेक अंग फेऱ्यागणिक एकदां ताणलें व एकदां दाबलें जातें. समजा, पंखा मिनिटास सहाशें फेरे करतो. एका तासांत छत्तीस हजार, आणि दहा तासांच्या खेपेंत तीन लक्ष साठ हजार फेरे झाले. तार हातानें मागें-पुढें वांकवून तोडणें आपण सर्वांनीं लहानपणीं केलें आहे. दांड्याचें तेंच होतें. फक्त दिवस अधिक लागतात.

धातु असा थकतो, हें जगास आगगाडीनें शिकविलें. ८ मे १८४२ रोजीं फ्रान्समध्यें व्हर्सायहून पॅरिसकडे जाणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा आंस तुटून भयंकर अपघात झाला. अशा तुटणाऱ्या आंसांचा जर्मन यंत्रज्ञ ऑगस्ट व्होलर यानें अनेक वर्षें कसून अभ्यास केला. एका वेळीं जो भार धातु सहज सोसतो, तोच उलटसुलट लक्षावधि वेळां दिला, तर धातूस चीर पडते, हें त्यानें प्रयोगांनीं सिद्ध केलें. जहाजाच्या दांड्यास हाच नियम लागू आहे.

दांडा तुटण्यापूर्वीं दुसऱ्याही आपत्ति येतात. रेषा चुकलेला दांडा नळींतील बेअरिंग एका अंगानें खातो. ग्लँडमधील दोरी झिजते आणि पाणी आंत येऊं लागतें. बोट चालत असतां तेथून थेंब थेंब पाणी गळावें हें योग्यच, कारण त्या थेंबांनींच दांडा थंड राहतो. पण थेंबाची धार झाली, कीं अजाण माणूस ग्लँड अधिक आवळतो. दोरी तापते, दांड्यास खांच पडते आणि धार आणखी वाढते. आमच्या विहिरीवरील रबरांचीच ही गोष्ट. रोग रेषेचा, आणि औषध मात्र दोरीला!

वांकडा दांडा काय करूं शकतो, याचें अत्यंत दारुण उदाहरण दुसऱ्या महायुद्धांत घडलें. १० डिसेंबर १९४१ रोजीं मलायाच्या किनाऱ्याजवळ जपानी विमानांनीं 'प्रिन्स ऑफ वेल्स' व 'रिपल्स' या दोन ब्रिटिश लढाऊ जहाजांवर हल्ला चढविला. एक पाणतीर 'प्रिन्स ऑफ वेल्स'च्या मागच्या अंगास, डावीकडील बाहेरच्या दांड्यापाशीं लागला. दांड्याचा बाहेरील आधार मोडला आणि दांडा वांकला. तो वांकडा दांडा फिरतांना त्यानें आंतील ग्लँड व पाणी अडविणाऱ्या भिंती फाडून टाकल्या, आणि ज्या बोगद्यांतून दांडा इंजिनाकडे जातो, त्याच बोगद्यांतून समुद्र जहाजाच्या पोटांत शिरला. पुढें आणखी पाणतीर लागले आणि तें प्रचंड जहाज बुडालें. दोन्ही जहाजांवर मिळून आठशेंहून अधिक माणसें मरण पावलीं. शत्रूच्या घावानें वांकलेला दांडा आणि आळसानें वांकडा बसविलेला दांडा यांत अंतर पुष्कळ आहे. पण पाणी आंत येण्याचा मार्ग एकच आहे.

आतां त्या रत्नागिरीच्या मिस्त्र्याचें वाक्य आठवूं या. जमिनीवरची होडी वेगळी आणि पाण्यांतली वेगळी, असें कां? होडी जमिनीवर असते, तेव्हां तिचा भार खालच्या कण्याखालीं दिलेल्या ठोकळ्यांवर असतो. पाण्यांत गेली, कीं पाणी तिला सर्वांगांनीं उचलतें. मात्र सारखें उचलीत नाहीं. मधलें अंग रुंद, तेथें उचल अधिक. दोन्ही टोकें निमुळतीं, तेथें उचल कमी. त्यामुळें टोकें किंचित् खालीं झुकतात आणि मधला भाग वर येतो. शिवाय लांकूड पाणी पिऊन फुगतें. तेलाच्या टांक्या भरल्या, बर्फ चढलें, जाळीं आलीं, कीं भाराची वांटणी आणखी बदलते. हे सारे फरक डोळ्यांस दिसत नाहींत. परंतु ज्या कामांत वहीच्या पानाएवढा फरक फार मोठा, तेथें ते पुरेसे आहेत. म्हणून नियम असा कीं, जमिनीवर रेषा अंदाजानें लावावी, होडी पाण्यांत सोडावी, कांहीं दिवस तिला स्वस्थ बसूं द्यावें, आणि मग कपलिंग सोडून रेषा पुन्हां पाहावी. मापाचा शेवटचा शब्द पाण्याचा.

आपल्या किनाऱ्यास हा नियम अधिकच लागू पडतो, कारण आपल्या होड्या मूळच्या शिडाच्या. शिडासाठीं बांधलेल्या जहाजांत मागाहून इंजिन बसविण्याचा प्रकार आपल्याकडे नवा नाहीं. मुंबईच्या गोदींत १८४८ सालीं पाण्यांत लोटलेलें 'मियानी' हें ऐंशी तोफांचें सागवानी जहाज निव्वळ शिडाचें होतें. त्यास १८५७ सालीं पंखा बसविण्यांत आला. आरमारांत जें घडलें, तेंच स्वातंत्र्याच्या सुमारास व त्यानंतरच्या दशकांत सातपाटी, वर्सोवा, रत्नागिरी येथील मच्छीमारांच्या होड्यांत घडलें. मद्रासकडील ओंडक्यांच्या तराफ्यांत इंजिन बसविणें शक्य नव्हतें, म्हणून तिकडे नव्या बोटी आंखाव्या लागल्या. आमच्या कोंकणच्या मचव्यांची बांधणी मात्र अशी भक्कम व घाटदार कीं, त्यांच्याच पोटांत इंजिन बसूं शकलें. संयुक्त राष्ट्रसंघाच्या अन्न व शेती संघटनेनें १९५० नंतरच्या दशकांत नौकारचनेचे तज्ज्ञ भारतांत पाठविले, आणि १९५३ सालीं मासेमारीच्या बोटींविषयीं एक जागतिक परिषदही भरविली. ग्रंथांत या तज्ज्ञांचीं नांवें आहेत. परंतु ज्या सुतारांनीं व मिस्त्र्यांनीं पिढीजात मचव्याच्या मागच्या जाड लांकडांतून, हातभर लांब, दोरी धरून व डोळा लावून सरळ भोंक पाडलें, त्यांचीं नांवें कोठेंही नाहींत. गवंड्यास ओळंबा जसा, तशी त्यांस ती ताणलेली दोरी.

या बदलांत एक गोष्ट मुकाट्यानें घडून गेली. इंजिन आलें तेव्हां शीडही होतें. यंत्र बंद पडलें, तर तांडेल शीड उभारून घरीं येई. पुढें इंजिनावर विश्वास बसला आणि शीड गेलें, डोलकाठीही गेली. आज दूर समुद्रांत होडीचा दांडा तुटला, तर तिच्यावरील माणसांस दुसऱ्या होडीची वाट पाहण्यावांचून गत्यंतर नाहीं. आणि वारा किनाऱ्यावरील खडकांकडे ओढीत असेल, तर वाट पाहण्यासही वेळ नसतो. होडी व इंजिन बहुधा कर्ज काढून घेतलेलें असतें. हंगामांतले आठ दिवस बुडाले, कीं वर्षाचा हिशेब बुडाला.

आणि आपल्याकडे ही परीक्षा दर वर्षीं नव्यानें द्यावी लागते. पावसाळ्यांत समुद्र खवळतो, मासेमारी बंद असते आणि पुष्कळशा होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात. श्रावणांत नारळी पौर्णिमेच्या सुमारास त्या पुन्हां पाण्यांत जातात. म्हणजे दर वर्षीं होडी जमिनीची होते आणि दर वर्षीं पाण्याची. त्या वेळीं हंगाम पकडण्याची घाई असते. गेल्या वर्षीं रेषा बरोबर होती, मग आतां कशाला पाहावयाची, असें वाटणें साहजिक आहे. रत्नागिरीच्या त्या मिस्त्र्याला मीं विचारलें, "एवढें घासून मोजलें नाहीं, तर कोणाला कळणार आहे?" तो म्हणाला, "आज कुणालाच नाही, गुरुजी. दिवाळीनंतर होडीवाल्याला कळेल, आणि तेव्हा तो पन्नास मैल आत असेल."

श्रोते हो, आपल्यापैकीं बहुतेकांना दांड्याची रेषा कधींच लावावी लागणार नाहीं. परंतु मुंबईस गेलांत आणि गेटवेपासून घारापुरीस किंवा मांडव्यास लाँचनें निघालांत, तर क्षणभर पायाखालच्या फळीकडे लक्ष द्या. ती एकसारखी, मंद गुणगुणत असेल, तर कोणीतरी पात्यांचें माप हातांत घेऊन आपलें काम नीट केलें आहे, असें समजा. आपल्या घरांतील मुलें आज अभियांत्रिकीच्या महाविद्यालयांत जात आहेत. त्यांनीं सुटींत एकदां किनाऱ्यावर जावें, अशा एखाद्या मिस्त्र्याशेजारीं दिवसभर बसावें आणि तो काय करतो व कां करतो, तें मराठींत लिहून काढावें. आमच्या विहिरीवरचा तो फिटर आतां हयात नाहीं. त्याला काय काय येत होतें, हें मीं कधीं विचारलें नाहीं. त्याच्या विद्येंतलें एक वाक्य तेवढें माझ्यापाशीं उरलें आहे. बाकीची विद्या अशीच जाऊं नये, एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.